मुळाक्षरे गिरवणारा पंडित : जेरोम

(द्वितीय वर्ष, कला)

बायबल मुळात कोणत्या भाषेत लिहिले गेले, असा प्रश्न कोणी अचानक विचारला तर आपल्यापैकी पुष्कळजण 'इंग्रजीत' असे म्हणून मोकळे होतील. थोडा विचार करणारे 'लॅटिनमध्ये' असे म्हणतील. ही दोन्ही उत्तरे बरोबर नाहीत. ज्यू लोकांचे धर्मग्रंथ, ज्यांना ख्रिस्ती लोक 'जुना करार' म्हणतात, ते बहुतांशी हिब्रू भाषेत आहेत. त्यांतील दानीएल आणि एज्रा या ग्रंथांचा काही भाग अरामी भाषेत आहे. 'नवा करार' ग्रीक भाषेत लिहिला गेला. तोही होमरच्या किंवा प्लेटोच्या ग्रीकमध्ये नव्हे, तर त्या काळी बाजारात आणि पत्रव्यवहारात चालणाऱ्या साध्या ग्रीकमध्ये. येशू ज्या लोकांत वावरला त्यांची रोजची बोली अरामी होती. म्हणून त्या ग्रीक मजकुरातही 'अब्बा' म्हणजे 'बाबा' यासारखे अरामी शब्द मधूनमधून तसेच राहून गेले आहेत.

इसवी सनाच्या चौथ्या शतकात रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागातील सामान्य ख्रिस्ती माणसाला यांपैकी एकही भाषा येत नव्हती. तो लॅटिन बोले. त्याच्या कानी जो जुना करार पडे तो आधी हिब्रूचे ग्रीक आणि मग ग्रीकचे लॅटिन, असा दोन हातांतून फिरून आलेला असे. त्यांतील ग्रीक भाषांतर फार जुने होते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मिसर देशातील अलेक्झांड्रिया येथे ज्यू पंडितांनी त्याला आरंभ केला होता. सत्तर पंडितांची एक कथा त्याला जोडलेली असल्यामुळे ते 'सत्तरांचे भाषांतर' म्हणून ओळखले जाते. ख्रिस्ती समाज त्यालाच मूळ ग्रंथाइतके पवित्र मानीत असे. मूळ हिब्रू उघडून पाहावे, असे फार थोड्यांच्या मनात येई. आणि ज्यांच्या मनात येई त्यांतील बहुतेकांना ते वाचता येत नसे.

या परिस्थितीत जो माणूस मुळापर्यंत जाऊन पोहोचला त्याचे नाव जेरोम. त्याची विद्वत्ता मोठी होती, हे तर सारे जग मान्य करते. परंतु त्याचे चरित्र वाचताना मला अधिक मोठी वाटली ती गोष्ट निराळी आहे. सगळे शिकून झालेले असताना, ऐन तारुण्यात विद्वान म्हणवून घेण्याची वेळ आली असताना, हा माणूस पुन्हा मुळाक्षरांपासून शिकायला बसला. आणि ज्यांच्याकडून तो शिकला ते त्याच्या समाजाला परके, किंबहुना नकोसे झालेले लोक होते.

जेरोमचा जन्म डाल्मेशिया आणि पॅनोनिया या दोन रोमन प्रांतांच्या सीमेवरील स्ट्रिडॉन या लहानशा गावी झाला. त्याचे जन्मसाल अनेक अभ्यासक इ.स. ३४७ च्या सुमाराचे मानतात. घरची स्थिती चांगली होती, आईवडील ख्रिस्ती होते. मुलगा बुद्धिमान निघाला, म्हणून त्याला शिक्षणासाठी रोमला पाठवण्यात आले. तेथे डोनाटस या नामांकित वैयाकरणाच्या हाताखाली तो शिकला. या डोनाटसचे व्याकरण पुढे सबंध मध्ययुगात युरोपभर शिकवले जात होते. तेव्हा गुरू किती योग्यतेचा होता याची कल्पना यावी. सिसेरोचे गद्य आणि व्हर्जिलचे काव्य जेरोमच्या अगदी जिभेवर होते. रोममध्ये असताना त्याने मोठ्या कष्टाने स्वतःचा ग्रंथसंग्रह जमवला. छापखाना नसलेल्या त्या काळात एकेक ग्रंथ हाताने उतरवून घ्यावा लागे. पुढे घर सोडले, नातलग सोडले, सुखाचे जेवण सोडले, तरी हा ग्रंथसंग्रह काही त्याच्याने सोडवला नाही.

सुमारे ३७४ मध्ये वैराग्याच्या ओढीने तो पूर्वेकडे निघाला आणि सीरियातील अँटिओक शहरी पोहोचला. तेथे तो तापाने अंथरुणाला खिळला. त्या आजारात पडलेले एक स्वप्न त्याने पुढे एका पत्रात सांगितले आहे. स्वप्नात त्याला न्यायासनापुढे उभे केले गेले. आपण ख्रिस्ती आहोत असे त्याने सांगताच, तू ख्रिस्ताचा नव्हेस, सिसेरोचा आहेस, असा त्याच्यावर ठपका ठेवण्यात आला आणि त्याला फटके मारण्यात आले. ज्या भाषेच्या सौंदर्यावर आपण जीव टाकला तीच आपल्या भक्तीच्या आड येते की काय, ही शंका त्याच्या मनात किती खोल रुतून बसली होती, हे या स्वप्नावरून दिसते.

त्यानंतर तो कॅल्किसच्या ओसाड वाळवंटात जाऊन राहिला. देह उपवासाने सुकला होता, तरी मन काही केल्या स्थिर होईना. तेव्हा मनाला गुंतवण्यासाठी त्याने एक कठीण काम हाती घेतले. ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेला एक संन्यासी तेथे होता. जेरोम त्याचा शिष्य झाला आणि हिब्रूची मुळाक्षरे गिरवू लागला.

हे काम किती अवघड होते, याची आपल्याला सहज कल्पना येणार नाही. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. तिच्यातील काही उच्चार घशातून काढावे लागतात, ते लॅटिन बोलणाऱ्याच्या जिभेला मुळीच वळत नाहीत. सर्वांत मोठी अडचण म्हणजे त्या काळच्या हिब्रू लिखाणात स्वरचिन्हे नव्हती. समजा, आपण काना, मात्रा, वेलांटी काहीच न देता नुसते 'कमल' लिहिले, तर वाचणाऱ्याने 'कमल' वाचावे, 'कमाल' वाचावे की 'कोमल' वाचावे? ज्याला ती भाषा परंपरेने येते तोच हे सांगू शकतो. आज हिब्रू ग्रंथांत दिसणारी स्वरांची चिन्हे जेरोमनंतर काही शतकांनी ज्यू पंडितांनी बसवली. म्हणजे जेरोमच्या काळी केवळ पोथी मिळवून हिब्रू शिकणे शक्यच नव्हते. ती शिकायची तर समोर माणूस हवा, आणि तो माणूस ज्यू समाजातला हवा.

आपण कितीदा निराश झालो, कितीदा अभ्यास सोडून दिला आणि कितीदा पुन्हा हट्टाने सुरुवात केली, हे जेरोमने म्हातारपणी एका तरुणाला लिहिलेल्या पत्रात मोकळेपणाने सांगितले आहे. मला त्याच्या चरित्रातील हा भाग फार जवळचा वाटतो. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही अशा माझ्यासारख्या विद्यार्थिनींना, इतरांनी लहानपणीच आत्मसात केलेली भाषा मोठेपणी नव्याने शिकावी लागते, तेव्हा मनात एक संकोच असतो. आपण उशिरा आलो, असे वाटत राहते. रोमच्या उत्तम विद्यालयात शिकलेला एक पंडित तरुण वयात मुळाक्षरांची पाटी घेऊन बसतो आणि त्याची लाज बाळगत नाही, हे वाचले म्हणजे तो संकोच पुष्कळ कमी होतो.

पुढे ३८२ मध्ये जेरोम रोमला परत आला आणि पोप दमासस यांचा चिटणीस म्हणून काम पाहू लागला. त्या काळी शुभवर्तमानांच्या लॅटिन प्रतींत इतकी तफावत पडली होती की, जितक्या प्रती तितके पाठ, अशी जेरोमची तक्रार होती. दमासस यांनी ते पाठ ग्रीक मुळाशी ताडून शुद्ध करण्याचे काम त्याच्यावर सोपवले. आपल्याकडे एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, त्याच जातीचे हे काम होते. चारही शुभवर्तमाने त्याने तपासून दिली. परंतु लोकांना जे पाठ ऐकण्याची सवय झालेली असते त्यांत एक शब्द बदलला तरी ते खवळतात, याचा पहिला अनुभव त्याला येथेच आला.

रोममध्येच त्याला पॉला ही श्रीमंत, कुलीन विधवा भेटली. पॉला, तिची मुलगी युस्टोकियम आणि त्यांच्या परिचयातील इतर काही स्त्रिया धर्मग्रंथांचा कसून अभ्यास करीत. या दोघी मायलेकी जेरोमजवळ हिब्रू शिकल्या. पॉलाने तर ती भाषा इतकी कमावली की स्तोत्रे ती हिब्रूतच गाई आणि तिच्या उच्चारात लॅटिनची छटाही येत नसे, असे जेरोमने लिहून ठेवले आहे. आपल्या शिष्येचे उच्चार हा गुरूच्या कौतुकाचा विषय झाला होता! भाषांतरकार जेरोमचे नाव सर्वतोमुखी आहे. पण त्याच्या कामाला पैसा पुरवणारी, मठ बांधून देणारी आणि शंका विचारून त्याला लिहिते ठेवणारी पॉला मात्र क्वचितच कोणाला आठवते.

पॉलाची दुसरी मुलगी ब्लेसिला ३८४ मध्ये मरण पावली. कडक उपासांनीच तिचा जीव गेला, असे म्हणून रोमचे लोक संन्याशांवर संतापले. त्याच वर्षाच्या अखेरीस दमाससही वारले आणि जेरोमचा आधार गेला. जेरोमची जीभ तिखट होती, त्यामुळे शत्रू भरपूर झाले होते. ३८५ मध्ये त्याने रोम कायमचे सोडले. पॉला आणि युस्टोकियमही पूर्वेकडे निघाल्या. पॅलेस्टाइन आणि मिसर पाहून ३८६ मध्ये ही मंडळी बेथलेहेम येथे स्थिरावली. पॉलाने तेथे पुरुषांसाठी एक मठ, स्त्रियांसाठी निवासस्थाने आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधली. जेरोमचे उरलेले सारे आयुष्य तेथेच गेले.

बेथलेहेममध्ये त्याला हिब्रूसाठी नवा गुरू मिळाला. त्याचे नाव बार अनिना. हा ज्यू गृहस्थ रात्रीच्या वेळी शिकवायला येई, कारण ख्रिस्ती संन्याशाला शिकवतो हे आपल्या लोकांना कळले तर काय होईल, याची त्याला भीती होती. इकडे जेरोमच्या लोकांनाही ते रुचत नव्हते. एकेकाळचा जिवलग मित्र रुफिनस पुढे त्याचा वैरी झाला, तेव्हा त्याने या गुरूच्या नावाची मोडतोड करून त्याला 'बरब्बा' म्हटले. येशूऐवजी ज्याला सोडून देण्यात आले तो बंदिवान बरब्बा! म्हणजे शिकवणाराही लपून शिकवत होता आणि शिकणाऱ्याचीही टवाळी होत होती. दोन समाजांच्या मधल्या त्या अंधारात दिव्याच्या उजेडी एक पोथी उघडलेली असे, हे चित्र डोळ्यांसमोर आणले म्हणजे विद्येची किंमत काय असते ते कळते.

सुमारे ३९० पासून ४०५ पर्यंत पंधरा वर्षे खपून जेरोमने हिब्रू ग्रंथांचे थेट लॅटिनमध्ये भाषांतर केले. ईयोबाच्या ग्रंथातील कठीण भाषा उलगडेना, तेव्हा लिद्दा गावच्या एका ज्यू पंडिताला बरीच रक्कम देऊन त्याने शिकवणी लावली. दानीएलाच्या ग्रंथासाठी अरामी शिकताना तो पुन्हा एकदा हताश झाला आणि पुन्हा एका ज्यू माणसानेच त्याला चिकाटी न सोडण्याचा उपदेश केला. तोबीताच्या ग्रंथाची तर मोठी मौजेची हकीकत आहे. तो त्याच्यापुढे अरामीत होता. दोन्ही भाषा जाणणारा एक माणूस त्याने गाठला. तो माणूस अरामीचे हिब्रूत सांगत जाई, जेरोम हिब्रूचे लॅटिनमध्ये सांगत जाई आणि लेखनिक ते उतरून घेई. एका दिवसात त्याने हे काम उरकले!

या भाषांतराचे स्वागत मात्र झाले नाही. सत्तरांचे भाषांतर ईश्वरी प्रेरणेने झालेले असताना पुन्हा ज्यूंच्या दारी जाण्याचे कारण काय, असा आक्षेप आला. आक्षेप घेणाऱ्यांत उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांच्यासारखे थोर पुरुष होते. ग्रीक बोलणारे आणि लॅटिन बोलणारे ख्रिस्ती यांचे ग्रंथ वेगळे झाले तर समाजात फूट पडेल, अशी त्यांना चिंता होती. एक घडलेली गोष्टही त्यांनी जेरोमला पत्राने कळवली. योना संदेष्ट्यावर सावली धरणारी वनस्पती जुन्या भाषांतरात भोपळ्याची वेल होती. जेरोमने तिथे आयव्ही या वेलीचे नाव घातले. आफ्रिकेतील एका गावच्या चर्चमध्ये हा नवा शब्द वाचला जाताच लोकांनी एवढा गोंधळ केला की तेथील बिशपला जुना शब्द परत घ्यावा लागला.

जेरोमने उत्तरात त्या हिब्रू वनस्पतीचे वर्णनच दिले : रुंद पाने, दाट सावली, आधाराशिवाय उभे राहणारे खोड, आणि फार जलद वाढ. लॅटिनमध्ये तिला नाव नाही, म्हणून पूर्वीच्या एका ग्रीक भाषांतरकाराला अनुसरून आपण आयव्ही म्हटले, असे त्याने सांगितले. आजचे अनेक अभ्यासक ती वनस्पती एरंड असावी असे मानतात. आपल्या बांधावर उगवणारा एरंड! भोपळाही नव्हे आणि आयव्हीही नव्हे. भाषांतरकारापुढे किती वेळा असा प्रसंग येत असेल की वस्तू समोर दिसते, पण आपल्या भाषेत तिच्यासाठी शब्द नसतो.

दुसरे एक उदाहरण सर्वश्रुत आहे. सीनाय पर्वतावरून उतरताना मोशेचा चेहरा तेजाने झळकत होता, असा उल्लेख निर्गम ग्रंथात आहे. तेथील हिब्रू क्रियापदाची अक्षरे 'शिंग' या अर्थाच्या शब्दाचीच आहेत. जेरोमने शिंगांचा अर्थ घेतला. त्यामुळे पुढे युरोपातील चित्रकार आणि शिल्पकार मोशेला शिंगे दाखवू लागले. मायकेलअँजेलोने सोळाव्या शतकाच्या आरंभी घडवलेला रोममधील मोशेचा भव्य पुतळा शिंगांसह आजही उभा आहे. एका शब्दाचे भाषांतर अकराशे वर्षांनी संगमरवरात उमटले!

जेरोम संत म्हणून पूजला जातो, पण त्याचे दोष झाकून त्याचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वादात तो निर्दयपणे बोले. रुफिनसच्या मृत्यूनंतरही त्याने त्याला क्षमा केली नाही. याहून मला अधिक खटकते ते असे की, ज्या ज्यू गुरूंच्या ओंजळीने तो आयुष्यभर पाणी प्याला त्यांच्या समाजाविषयी आणि धर्माविषयी त्याने अनेक ठिकाणी अत्यंत कडवट लिहिले आहे. हिब्रू ग्रंथ खरा, पण तो जपून ठेवणारे लोक मात्र तिरस्करणीय, ही कसली रीत? ज्ञान घ्यायचे आणि ते देणाऱ्याला उंबरठ्याबाहेर ठेवायचे, हा प्रकार आपल्याही समाजाला अनोळखी नाही. जेरोमसारख्या माणसालाही हे ओलांडता आले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

त्याची अखेरची वर्षे दुःखात गेली. ४०४ मध्ये पॉला वारली. ४१० मध्ये अलारिकच्या सैन्याने रोम लुटले आणि तिथले निर्वासित बेथलेहेमपर्यंत येऊन पोहोचले. जेरोमने लेखणी बाजूला ठेवून त्यांची व्यवस्था पाहिली. ४१६ मध्ये बेथलेहेमच्या मठांवर हल्ला होऊन ते जाळण्यात आले. डोळे अधू झाले होते. रात्री दिव्याच्या उजेडात हिब्रूची बारीक अक्षरे दिसत नसत. तरी तो लेखनिकांना सांगून लिहवून घेतच राहिला. त्याची पुण्यतिथी ३० सप्टेंबर ४२० ही मानली जाते. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१७ मध्ये हाच दिवस आंतरराष्ट्रीय भाषांतर दिन म्हणून जाहीर केला.

काळाचा न्याय पाहा! ज्या भाषांतराविरुद्ध लोकांनी गोंधळ केला तेच पुढे 'व्हल्गेट', म्हणजे सर्वांच्या वापरातले, या नावाने पश्चिम युरोपचे बायबल झाले. गुटेनबर्गने १४५५ च्या सुमारास छापले ते हेच. १५४६ मध्ये ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ते अधिकृत ठरवले. फक्त स्तोत्रांच्या बाबतीत लोकांनी जेरोमने हिब्रूवरून केलेले भाषांतर स्वीकारले नाही. तोंडात बसलेलीच स्तोत्रे ते गात राहिले.

१९४७ पासून मृत समुद्राकाठी कुमरानच्या गुहांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या पोथ्या सापडू लागल्या. त्यांत तोबीताचे अरामी तुकडे मिळाले; जेरोमने आपल्यापुढे अरामी तोबीत असल्याचे लिहिले होते, त्याला त्यामुळे बळ मिळाले. पण त्याच गुहांत यिर्मयाच्या ग्रंथाचे असेही हिब्रू तुकडे निघाले की जे सत्तरांच्या भाषांतराशी जुळतात. म्हणजे त्या ग्रीक भाषांतरकारांपुढे काही ठिकाणी वेगळाच हिब्रू पाठ होता. 'मूळ' म्हणून जेरोमने जे शोधले ते एकच एक नव्हते, तर मुळातच अनेक धागे होते. ऑगस्टिनची बाजूही अगदीच निराधार नव्हती, असे आता म्हणावे लागते.

मुळाकडे जाण्याची ही परंपरा आपल्या महाराष्ट्रातही आली, हे सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. संस्कृतात निष्णात असलेल्या पंडिता रमाबाईंनी केडगाव येथे हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला आणि सबंध बायबल साध्या मराठीत आणले. खेड्यातल्या, थोडे शिकलेल्या बायकांना ते समजावे, हा त्यांचा उद्देश होता. हे काम पुरे करूनच त्या १९२२ च्या एप्रिलमध्ये निवर्तल्या. ते बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पॉलाच्या काळी जी विद्या श्रीमंत घराण्यातल्या मोजक्या स्त्रियांना लाभली, ती केडगावात निराधार मुलींच्या सहवासात राहणाऱ्या एका विधवेने मिळवली आणि त्या मुलींसाठीच वापरली.

मित्रमैत्रिणींनो, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात आपण सारेच गाईडांच्या आधारे नदी पार करतो. त्यात कोणाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. वेळ थोडा असतो आणि ग्रंथालयात मूळ पुस्तकाची एकच प्रत असते. पण वर्षातून निदान एक पुस्तक, मग ते ज्ञानेश्वरीचा एखादा अध्याय असो की शेक्सपिअरचे एखादे नाटक, त्याच्या स्वतःच्या भाषेत, कितीही अडखळत का होईना, वाचून पाहावे, असे मला जेरोममुळे वाटू लागले आहे. आणि ते वाचताना जो आपल्याला एखादा शब्द सांगेल, मग तो प्राध्यापक असो, वर्गातला दुसऱ्या बोलीचा, दुसऱ्या वस्तीतला मुलगा असो, की जात्यावरची जुनी मराठी जाणणारी एखादी आजी असो, त्याला गुरू म्हणण्याचा मोकळेपणा आपल्यापाशी असावा. बार अनिनाला रात्री यावे लागत होते. आपल्याला शिकवणाऱ्यावर तशी वेळ येऊ नये.